धर्मगुरूने लग्न करू नये, हे कोणी ठरवले?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले आणि विषय आमच्यावरच सोपवला. आम्ही काही प्राध्यापक नाही. सातवीनंतर शाळा सुटली, गिरणीत लागलो, आणि पुढचं जे काय शिक्षण झालं ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकड्यावर झालं. त्यामुळे आमच्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. एक प्रश्न आमच्यापुढे आला होता, त्याचा आम्ही माग काढला, तो तुमच्यापुढे मांडतो एवढंच.

आमच्या खात्यात वसईकडचा एक ख्रिस्ती सोबती होता. रोमन कॅथलिक. त्याच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा फादर होण्यासाठी सेमिनरीत जायला निघाला. घरात आनंद होता, गावात मान वाढला होता, पण आई कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. लग्न नाही, नातवंड नाही, आपल्यामागे घराला कुलूप. हे सांगता सांगता त्या सोबत्याने आम्हाला विचारलं, ‘भाऊ, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. फादरनं लग्न करायचं नाही हे येशूनं सांगितलंय का?’ आम्ही तोंडाला आलं ते सांगून मोकळे झालो, ‘पोपनं सांगितलं असेल.’ तो म्हणाला, ‘कुठल्या पोपनं? आणि कशासाठी?’

मित्रहो, आम्हाला उत्तर देता आलं नाही. सभेत दुसऱ्यांना ‘प्रश्न विचारा’ म्हणून सांगणारे आम्ही, आणि साध्या माणसाच्या साध्या प्रश्नाला गप्प बसलो. त्याची लाज वाटली. म्हणून वाचायला घेतलं. आज जे सांगणार आहोत ते कुणाच्या धर्माची टवाळी करण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. दुसऱ्याच्या घरात जाताना चप्पल बाहेर काढावी, तसंच दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलताना वागावं, असं आम्ही मानतो.

आता मुळापासून बघू.

ख्रिस्ती लोकांचा ग्रंथ म्हणजे बायबल, त्यातला नवा करार. येशूचा पहिल्या फळीतला शिष्य पेत्र. कॅथलिक लोक त्यालाच पहिला पोप मानतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पेत्राच्या घरी जातो, तेव्हा पेत्राची सासू तापाने पडलेली असते आणि येशू तिला बरी करतो. आता सासू आहे म्हणजे बायको असणार, हे समजायला पंडित लागत नाही. पुढे पौल करिंथकरांना पत्र लिहितो, त्यात तो विचारतो की इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा, म्हणजे पेत्रच, हे सगळे प्रवासात बायकोला सोबत नेतात, मग तो अधिकार आम्हाला नाही काय? तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तर बिशप कसा असावा याची यादीच दिली आहे. त्यात तो एका बायकोचा नवरा असावा आणि आपलं घर, आपली मुलं नीट सांभाळणारा असावा असं म्हटलंय. ज्याला घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असा त्याचा रोख आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही अर्धवट बोललो असं होईल. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की स्वर्गाच्या राज्यासाठी काहीजण लग्नावाचून राहतात, ज्याला हे पेलेल त्याने पेलावं. पौल स्वतः एकटा होता आणि एकटं राहणं बरं असं त्याचं मत होतं. पण कुमारिकांविषयी प्रभूची आज्ञा माझ्याजवळ नाही, मी माझं मत सांगतो, असंही तो तिथंच कबूल करतो. म्हणजे ‘पेलेल त्याने’ असा सल्ला होता. सक्ती नव्हती.

पहिली तीनशे वर्षं अशीच गेली. बिशप, धर्मगुरू आणि त्यांचे मदतनीस डीकन, यांच्यात लग्नाचे होते, बिनलग्नाचे होते. पुढच्या काळातले ख्रिस्ती धर्माचे मोठे पंडित नाझियान्झसचे ग्रेगरी, त्यांचे वडील स्वतः बिशप होते. फ्रान्समधल्या पॉयटियर्सचे बिशप हिलरी यांना मुलगी होती. यात कुणाला चमत्कारिक वाटत नव्हतं.

मग बदल कुठे झाला? इथे दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या, नाहीतर गोंधळ होतो. एक असतो घरदार सोडून गेलेला तपस्वी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अँटनी, पाखोमियस यांच्यामागे असे शेकडो लोक गेले. ३१३ साली रोमन सम्राटाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, छळ थांबला, धर्मासाठी जीव देण्याची वेळ संपली, तेव्हा भाविकांच्या मनात हुतात्म्याची जागा हळूहळू या तपस्व्याने घेतली. त्याचं ब्रह्मचर्य हा त्याचा स्वतःचा निर्णय होता. आपल्याकडे भिक्खू घर सोडतो आणि त्याच वाटेचा भाग म्हणून ब्रह्मचर्य पाळतो, आणि उद्या वाटलं तर चीवर उतरवून तो गृहस्थ होऊ शकतो, तसंच हे समजा. दुसरा असतो गावातला धर्मगुरू. तो गावात राहतो, बाप्तिस्मा देतो, लग्नं लावतो, मयताला येतो. तो घर सोडलेला माणूस नाही. पहिल्याचा नियम दुसऱ्यावर कसा आला, हा खरा प्रश्न आहे.

ज्याचा लेखी पुरावा दाखवला जातो ती पहिली जागा म्हणजे स्पेनमधलं एल्व्हिरा, आजच्या ग्रॅनाडा शहराजवळ. साधारण ३०५-३०६ च्या सुमारास तिथे १९ बिशप जमले. त्या सभेच्या नावावर ८१ कलमं आहेत. त्यातलं ३३ वं कलम म्हणतं की बिशप, धर्मगुरू, डीकन आणि सेवेत असलेल्या सर्वांनी आपल्या बायकांपासून दूर राहावं, मुलं होऊ देऊ नयेत, जो ऐकणार नाही त्याला पदावरून काढावं. हे कलम त्याच सभेतलं की मागाहून जोडलेलं, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण कलम काय म्हणतं ते नीट ऐका. ‘लग्न करू नका’ असं ते म्हणत नाही. त्या वेळी धर्मगुरूंची लग्नं झालेलीच होती. ‘लग्न आहे, बायको घरात आहे, पण तिला शिवू नका,’ असं ते म्हणतं. म्हणजे या नियमाची सुरुवात ब्रह्मचाऱ्यापासून झाली नाही. संसारी माणसाच्या घरात, त्याच्या खोलीत हात घालून झाली.

आणि सगळीकडे एकच आवाज होता असंही नाही. ३१४ साली अँकिरा इथे, म्हणजे आज तुर्कस्थानची राजधानी अंकारा आहे तिथे, दुसरी सभा झाली. तिने ठरवलं की डीकनने दीक्षा घेतानाच ‘मला लग्न करायचं आहे’ असं सांगितलं असेल तर त्याला पुढे लग्न करता येईल. त्याच मुलखात गंग्रा इथे चौथ्या शतकाच्या मध्याला सभा झाली. तिथे काही कडक मंडळी लग्न झालेल्या धर्मगुरूच्या हातून प्रसाद घ्यायला नकार देत होती. सभेने त्या नकार देणाऱ्यांनाच शाप दिला. बघा, एका टोकाला बायकोला शिवू नका म्हणून कलम, दुसऱ्या टोकाला बायको असलेल्या गुरूला हलका मानणाऱ्यावर कारवाई. दोन्ही ख्रिस्तीच.

३२५ साली नायसियाला मोठी परिषद झाली. तिने धर्मगुरूच्या घरात आई, बहीण, आत्या-मावशी अशा संशयापलीकडच्या बाईखेरीज परक्या बाईने राहू नये असं ठरवलं. लग्नाच्या बायकोबद्दल बंदी घातली नाही. पुढच्या शतकातल्या सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने (हा तो विष प्यालेला तत्त्वज्ञ नव्हे, नाव तेवढं एक) एक हकिगत लिहून ठेवली आहे. परिषदेत बायकांपासून दूर राहण्याचा नियम सर्वांवर लादण्याची बोलणी चालली होती. तेव्हा इजिप्तचे बिशप पॅफ्नुशियस उभे राहिले. छळाच्या काळात त्यांचा एक डोळा गेला होता, स्वतः जन्माचे ब्रह्मचारी. ते म्हणाले, एवढं जड जू माणसांच्या मानेवर ठेवू नका, सर्वांनाच ते पेलणार नाही, आणि त्यांच्या बायकांचं काय होईल? ही हकिगत घडली तशीच लिहिली का, याबद्दल इतिहासकार शंका घेतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिणाऱ्याला ती सांगावीशी वाटली, आणि बायकांचं काय होईल हा प्रश्न त्यात आहे, म्हणून आम्हाला ती महत्त्वाची वाटते.

आता येऊ त्या सोबत्याच्या प्रश्नाकडे. कुठला पोप? तर पोप सिरिसियस. स्पेनमधल्या तारागोनाचे बिशप हिमेरियस यांनी रोमला पत्र पाठवून बरेच प्रश्न विचारले होते. पत्र पोहोचलं तेव्हा आधीचे पोप डॅमॅसस वारले होते. सिरिसियस गादीवर आले आणि त्यांनी १० फेब्रुवारी ३८५ या तारखेचं उत्तर पाठवलं. पोपने हुकमाच्या भाषेत दिलेली जी पत्रं आज शिल्लक आहेत त्यातलं हे पहिलं. हिमेरियसनी कळवलं होतं की आमच्याकडे धर्मगुरूंना दीक्षेनंतर बऱ्याच काळानेही मुलं होत आहेत, आणि ते जुन्या कराराचा दाखला देतात की त्या काळी मंदिराच्या याजकांनाही बायकामुलं होतीच.

सिरिसियसचं उत्तर काय? ते म्हणतात, याजकांना बायका होत्या हे खरं, पण मंदिरात सेवेची पाळी आली की ते घरापासून लांब राहत. पाळी संपली की घरी. कारण याजकपद एकाच कुळात होतं, त्यासाठी मुलं लागत. आमच्या धर्मगुरूला मात्र पाळी नाही, तो रोज वेदीसमोर उभा राहतो. म्हणून त्याने रोजच, म्हणजे जन्मभर, दूर राहिलं पाहिजे.

आम्ही पाळीवर जाणारी माणसं, त्यामुळे हा हिशेब आम्हाला लगेच समजला. पाळी असेल तेवढा वेळ शुद्ध राहायचं असा जुना नियम. ती पाळी चोवीस तास आणि आयुष्यभराची केली की नियमही आयुष्यभराचा झाला. पण त्या हिशेबाच्या मुळाशी काय आहे ते बघा. वेदीला हात लावायचा तर शरीर शुद्ध हवं, आणि बायकोजवळ गेल्याने शरीर अशुद्ध होतं. बंधुभगिनींनो, याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे. विटाळ. तो शब्द काय असतो हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कुणाच्या सावलीचा, कुणाच्या पाण्याचा, आणि बाईचा तर महिन्याच्या महिन्याला. तिकडे रोममध्ये तो लग्नाच्या बायकोला लागला. प्रत्यक्ष येशू कोड झालेल्याला हात लावतो, रक्तस्रावाने बारा वर्षं आजारी असलेल्या बाईचा स्पर्श चालवून घेतो, हे त्यांच्याच ग्रंथात आहे. आणि त्याच्याच वेदीभोवती विटाळाची रेघ ओढली गेली. आमचं म्हणणं एवढंच आहे.

काही कॅथलिक विद्वान म्हणतात की ही चाल प्रेषितांपासूनचीच आहे, ३८५ ला फक्त ती लेखी आली. ३९० साली आफ्रिकेत कार्थेजला जमलेल्या बिशपांनीही, प्रेषितांनी हेच शिकवलं असं म्हटलेलं आहे. आम्ही तो पुरावा बाजूला सारत नाही. पण मग अँकिरा का, गंग्रा का, आणि स्पेनमधल्या धर्मगुरूंना हे आपण चुकीचं करतो याचा पत्ताही का नव्हता? गिरणीत नियमाची पाटी लागली की दोन वर्षांनी आलेला बदली कामगार समजतो, पाटी गिरणी उभी राहिली तेव्हापासूनची आहे. नियम जुना आहे असं सांगितलं की तो पाळायला सोपा जातो.

विरोध झाला नाही का? झाला. रोममध्ये जोव्हिनियन नावाचा एक साधू होता. स्वतः बिनलग्नाचा राहूनही तो म्हणू लागला की बाप्तिस्मा घेतलेली लग्नाची बाई, विधवा आणि कुमारिका, यांची योग्यता देवापुढे सारखीच. बाकी वागणूक सारखी असेल तर लग्न न करण्याने कुणी मोठं होत नाही. साधी समतेची गोष्ट. सिरिसियसने त्याला बहिष्कृत केलं, मिलानचे बिशप अँब्रोज यांनीही केलं. आणि ३९३ च्या सुमारास मोठे पंडित जेरोम यांनी त्याच्याविरुद्ध दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात लग्नाची एवढी निंदा झाली की जेरोमचे रोममधले मित्रच ओशाळले आणि प्रती मागे घेण्याची धडपड करू लागले. जोव्हिनियनचं स्वतःचं लिखाण उरलं नाही. विरोधकाने खोडण्यासाठी जे उतरून घेतलं तेवढंच आपल्याला वाचायला मिळतं. हरलेल्या माणसाचा इतिहास असाच दुसऱ्याच्या वहीत सापडतो, हे आपल्याला नवीन नाही.

पूर्वेकडे ४१० च्या सुमारास सिनेसियस नावाच्या गृहस्थाला लिबियातल्या टॉलेमाइस शहराचा बिशप करायचं ठरलं. त्याने आधीच लिहून कळवलं की, मी बायकोला सोडणार नाही आणि चोरून तिच्याकडे जाणंही मला जमणार नाही, आम्हाला भरपूर मुलं हवी आहेत. तरीही त्याला बिशप केलं. म्हणजे दुसरा रस्ता होता आणि लोक त्या रस्त्याने चालत होते.

आता आम्हाला ज्यासाठी हे भाषण करावंसं वाटलं त्या भागाकडे येतो. या नियमाची किंमत कोणी मोजली? पुस्तकात बिशपांची नावं सापडतात, पोपची नावं सापडतात. त्यांच्या बायकांची नावं फार थोडी सापडतात. पण कलमं वाचली की त्या दिसतात.

४०० साली स्पेनमधल्या टोलेडोच्या सभेने ठरवलं की बिशप, धर्मगुरू किंवा डीकन यांच्या विधवेने दुसरं लग्न केलं तर कुठल्याही धर्मगुरूने तिच्या पंक्तीला बसू नये, तिला पवित्र प्रसाद देऊ नये, मरतेवेळी तेवढा द्यावा. म्हणजे नवरा जिवंत असताना त्याच्यापासून दूर राहायचं, आणि नवरा मेल्यावरही दुसरा संसार करायचा नाही. दीक्षा घेतली नवऱ्याने, आणि तिला जन्मठेप. ४५८ च्या सुमारास पोप लिओ पहिले यांनी नार्बोनच्या बिशपांना उत्तर दिलं की धर्मगुरूंनी बायकांना टाकू नये, त्या असून नसल्यासारखं राहावं, म्हणजे प्रेमही राहील आणि व्यवहारही थांबेल. लिओ मोठा माणूस होता, बायकांना रस्त्यावर काढू नका हे त्याने सांगितलं, त्याचं श्रेय त्याला द्यावंच लागेल. पण एका छपराखाली असून नसल्यासारखं राहायचं म्हणजे काय, हे दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या लोकांना विचारावं.

मग मुलं. ६५५ साली टोलेडोच्याच नवव्या सभेने काय केलं? नियम मोडून धर्मगुरूंना मुलं होतच होती. बापाला शिक्षा करून भागत नाही असं पाहिल्यावर ठरवलं की अशा मुलाला बापाचा वारसा मिळणार नाही, आणि बापाने ज्या चर्चची बदनामी केली त्या चर्चचा तो कायमचा गुलाम होईल. गुन्हा कुणाचा आणि साखळी कुणाच्या पायात! १०२२ साली पाविया इथे पोप बेनेडिक्ट आठवे आणि सम्राट हेन्री दुसरे यांनी मिळून असाच ठराव केला की चर्चच्या मालकीच्या धर्मगुरूंची मुलं, आई स्वतंत्र असली तरी, चर्चचीच गुलाम राहतील.

आणि यातून दुसरं कारण उघडं पडतं, ते म्हणजे मिळकत. ५२८ साली सम्राट जस्टिनियनने कायदा केला की ज्याला मुलं किंवा नातवंडं आहेत त्याला बिशप करू नये. लोक देवासाठी, गोरगरिबांसाठी म्हणून चर्चला देतात, ते बिशपच्या पोराबाळांकडे जाऊ नये, असा त्यामागचा विचार. हे कारण विटाळापेक्षा आम्हाला समजण्यासारखं वाटतं. सार्वजनिक पैसा घरात नेणारे पदाधिकारी सगळ्या धर्मांत असतात. पण त्यावर इलाज हिशेबाची वही उघडी ठेवणं हा आहे. माणसाचा संसार बंद करणं हा नाही.

पुढे रस्ते फुटले. ६९१-९२ साली कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात, ट्रुलो म्हणजे घुमटाच्या दालनात, पूर्वेकडच्या बिशपांची परिषद झाली. तिने रोमची चाल नावानिशी सांगून ठरवलं की आम्ही तसं करणार नाही. दीक्षेआधी लग्न झालेलं असेल तर धर्मगुरूने आणि डीकनने बायकोसोबत संसार करावा, जो तोडायला लावील त्यालाच पदावरून काढावं. बिशपला मात्र सवलत नाही, त्याच्या बायकोने लांबच्या मठात जावं. आजही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गावच्या धर्मगुरूचं लग्न झालेलं असतं आणि बिशप अविवाहितांतून निवडतात, ते त्यावरूनच.

पश्चिमेकडे नियम कागदावर राहिला आणि गावोगाव धर्मगुरूंचे संसारही चालू राहिले. पोप हॉर्मिस्डास ५१४ ते ५२३ गादीवर होते, आणि त्यांचा मुलगा सिल्व्हेरियस ५३६ साली पोप झाला. दोघांनाही कॅथलिक चर्च संत मानतं. अकराव्या शतकात पोप ग्रेगरी सातवे यांनी जोर लावला. लग्नवाल्या धर्मगुरूची मिस्सा ऐकू नका असं लोकांनाच सांगितलं गेलं. आणि ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने शेवटचा खिळा ठोकला. वरच्या दर्जाची दीक्षा घेतलेल्याने केलेलं लग्न हे लग्नच नाही. ‘बायकोपासून दूर राहा’ इथून निघालेली गोष्ट आठशे वर्षांनी ‘तुला बायको असूच शकत नाही’ इथे पोहोचली. त्या दिवसापासून त्या बाईचं नाव पत्नी न राहता ठेवलेली असं झालं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं असं वाटत असेल, तर ते आपल्या दारापर्यंतही आलं होतं. केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती फार जुने, त्यांच्या धर्मगुरूंची लग्नं होत. १५९९ च्या जून महिन्यात गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयमपेरूर इथे सभा भरवली आणि त्या धर्मगुरूंना बायका सोडण्याचा हुकूम दिला. हुकूम पोर्तुगीज गोव्यातून निघाला आणि मलबारातल्या घरांवर जाऊन आदळला. आज त्याच केरळात कॅथलिक सिरो-मलबार चर्चचे फादर अविवाहित आहेत, आणि शेजारच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे अच्चन मुलाबाळांसह राहतात. मूळ एक, गाव एक.

मित्रहो, कॅथलिक चर्च स्वतः याबाबत काय म्हणतं तेही सांगितलं पाहिजे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं आहे की ब्रह्मचर्य ही धर्मगुरूपदाच्या मूळ स्वरूपाचीच मागणी नाही, आणि त्यासाठी आरंभीच्या चर्चचा आणि पूर्वेकडच्या चर्चचा दाखला दिला आहे. पण ते योग्य आहे, म्हणून पश्चिमेकडे ते चालू ठेवतो, असं म्हटलं आहे. पोपला मानणाऱ्या पूर्वेकडच्या कॅथलिकांत, युक्रेनमध्ये, लेबाननमध्ये, लग्न झालेले धर्मगुरू आजही आहेत. २०१९ साली ॲमेझॉनच्या जंगलभागासाठी रोमला बिशपांची सभा झाली. तिथे महिनोन् महिने गावांना फादर मिळत नाही, म्हणून योग्य अशा लग्न झालेल्या माणसांना दीक्षा द्यावी, या सूचनेला १२८ मतं पडली, विरोधात ४१. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पत्रात ती सूचना उचलली नाही. नियम जागेवर आहे. पण तो माणसांनी केलेला नियम आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही त्या सोबत्याला चहाला बसवलं आणि सांगितलं, ‘येशूनं सांगितलेलं नाही. ज्याला पेलेल त्याने पेलावं एवढंच सांगितलं. हुकूम सिरिसियस नावाच्या पोपनं काढला, आणि पुढची आठशे वर्षं तो आवळत गेला.’ तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘भाऊ, आमचा पोरगा आपल्या मनानं निघालाय. त्याला मी हे सांगू का नको?’ आम्ही म्हणालो, ‘सांग. माहीत असून गेला तर त्याचं जाणं जास्त मोठं.’ तो मुलगा गेला. शिकून फादर झाला. आजारी माणसाच्या उशाशी रात्र रात्र बसणारा फादर, असं त्याच्याबद्दल ऐकतो. त्याच्याविषयी आम्हाला आदर आहे. लग्न न करता आयुष्य लोकांसाठी झिजवणारी माणसं सगळ्या धर्मांत आहेत, चळवळीतही आहेत, त्यांना आम्ही कमी लेखत नाही. आमचं भांडण ब्रह्मचर्याशी नाही. ते स्वतः उचललं तर व्रत आहे. दुसऱ्याने मानेवर ठेवलं, आणि त्यासाठी घरातल्या बाईला विटाळ ठरवलं, पोराला गुलाम केलं, तर त्याला व्रत म्हणता येत नाही.

आणि त्या आईचं काय? ती आता म्हातारी झाली आहे. मुलाचा तिला अभिमान आहे, आणि घराला कुलूप लागणार हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. पॅफ्नुशियसच्या तोंडी घातलेला तो प्रश्न, त्यांच्या बायकांचं काय होईल, त्यात आया पण येतात.

तेव्हा आमची विनंती एवढीच की कुठलाही धार्मिक नियम समोर आला, तो त्यांचा असो की आपला, आपल्या विहाराचा असो, तर चार प्रश्न विचारायचे. कोणी केला? कधी केला? कशासाठी केला? आणि त्याची किंमत घरातलं कोण मोजतंय? पहिल्या तिन्हींची उत्तरं पुस्तकात मिळतात. चौथ्याचं उत्तर पुस्तकात शोधून लवकर सापडत नाही, त्यासाठी कोपऱ्यात डोळे पुसणाऱ्या माणसाकडे बघावं लागतं.

वेळ बराच घेतला. बोलण्यात काही चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं, आम्ही ते शिकून घेऊ.